उताराच्या शोधात दोन बुलेट

भंडारदऱ्याहून आल्यापासून भिंगारमध्ये जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" धरण, डोंगर, धबधबा असं काहीतरी ऐकायची त्याची तयारी असते. मी खरं ते सांगतो. उतार पाहिले. कुठल्या पेट्रोल पंपाची फरशी कुठल्या बाजूला कलते आणि कुठल्या हॉटेलासमोर लावलेली गाडी आपसूक पुढं सरकते, हे सध्या आपल्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तुम्ही जाल तेव्हा तळं जरूर बघा. पण दोघांचे मिळून चारांतले दोनच पाय चालत असतील, तर निघण्याआधी मला भेटा.

भिंगार

आम्ही काही म्हातारे दर रविवारी सकाळी भिंगारच्या बाजारातल्या एका हॉटेलासमोर आपापल्या बुलेट ओळीनं लावतो. बहुतेक गाड्या लष्कराच्या लिलावातल्या, म्हणजे आमच्यासारख्याच, सेवेतून मोकळ्या झालेल्या. चहाआधी हजेरी होते. ही हजेरी सुभेदारांनी सुरू केली. सुभेदार म्हणजे आमच्यातले खरे फौजी, बाकी आम्ही छावणीतले बाबू लोक. नियम असा, की प्रत्येकानं सगळ्यांसमोर आपली गाडी आपल्या पायानं चालू करायची. संधी तीन किकांची. तिसऱ्या किकेलाही गाडी बोलली नाही, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि पुढच्या रविवारपासून चालत यायचं. ज्याच्या पायात गाडी उठवायची ताकद नाही, त्याच्या हातात ती आवरायची कुठून येणार, असं सुभेदारांचं म्हणणं.

गेल्या वर्षी आमच्यातल्याच खानसाहेबांची किल्ली अशी टेबलावर आली. तिन्ही किका मोठ्यानं मोजल्या होत्या माझ्या मित्रानं, यशवंत भिंगारदिवेनं. खानसाहेब अजून येतात, पण चहा अर्धाच पितात.

यशवंता आणि मी एकाच लष्करी खात्यात होतो. मी हिशेबाच्या टेबलावर, तो गाड्यांची चाचणी घेणारा ड्रायव्हर. जन्मभर त्यानं साहेबानं ठरवलेल्या वेगानं, साहेबानं आखलेल्या गोलात गाड्या फिरवल्या. त्यामुळे बाहेरही तो पंचेचाळीसच्या वर जात नसे. वेगाचं व्यसन मला. पोट सुटलं, डोक्यावरचं रान विरळ झालं, पण समोर मोकळा रस्ता दिसला की माझ्या मनगटाला आपण एकोणीस वर्षांचे आहोत असा साक्षात्कार होतो. बाकीच्या देहाला हे कुणी कळवत नाही. केडगावला एकदा मंडईसमोर मी असाच तोल जाऊन मेथीच्या जुड्यांवर पालथा पडलो होतो. भाजीवालीनं मला उठवायच्या आधी जुड्या उचलल्या.

तर हा यशवंता दोन रविवार हजेरीला आला नाही. अंगात कणकण आहे, असा निरोप होता. आणि अचानक मंगळवारी दारात येऊन म्हणाला, "रामभाऊ, भंडारदऱ्याला जायचं का? उद्याच."

"ताप?"

"गेला. येतोस का तेवढं सांग."

मला विचारणं म्हणजे मांजराला दूध हवं का विचारणं. बुधवारी पहाटे त्याच्या घरी पोचलो, तर गाडी रस्त्यावर काढलेली, धडधडत होती. विमलवहिनी पदरानं घाम पुसत पायरीवर बसल्या होत्या. थंडीच्या दिवसांत पहाटे बाईमाणसाला घाम का यावा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी नवा मफलर कसा दिसतो, हे आरशात बघत होतो.

कोल्हार

राहुरीपर्यंत मी नीट होतो. तिथून मात्र अपमानाला सुरुवात झाली. यशवंता पुढं गेला. पंचेचाळीसवाला यशवंता! बैलगाड्या, एसटी, शिर्डीला निघालेल्या जीपगाड्या, कुणासाठी म्हणून तो हळू होईना. राहुरीच्या गर्दीतसुद्धा अर्धा क्लच दाबून इंजिन घुमवत गेला. पेरूवालीपाशी मी हात केला, थांबला नाही. मी मनात म्हटलं, निवृत्तीनंतर ह्याला पंख फुटले.

कोल्हारला एकदाचा थांबला. भजी तळल्याचा वास येत होता. मी गाडी बंद करून बाकावर बसलो. त्यानं गाडी स्टँडवर लावली, पण इंजिन चालूच ठेवलं. डब, डब, डब. बाकावरच्या बशा थरथरायला लागल्या.

"ओ काका, गाडी बंद करा की," हॉटेलवाला म्हणाला. "गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येईना मला."

"जरा तापू दे तिला."

"राहुरीवरनं आलाव ना? अजून तापायची हाय? भजी तळू का तिच्यावर?"

लोक हसले. यशवंता हसला नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी त्याच्या उजव्या गुडघ्याकडं पाहिलं. विजारीतूनसुद्धा तो सुजलेला कळत होता.

"यशवंता, सकाळी गाडी कुणी चालू केली?"

त्यानं भज्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "विमलनं ढकलली. अंधार होता तवर. कुनी बघू नाय म्हनून."

"म्हणजे कणकण बिणकण..."

"गुडघा गेला रे. डाक्टर म्हनतो, झिजला. किक मारली की डोळ्यापुढं चांदण्या येत्यात. रविवारी तिसऱ्यांदा न्हाई गेलो तर सुभेदार घरी येतील. गेलो तर किल्ली टेबलावर." मग तुकडा बशीत ठेवून म्हणाला, "खानसाहेबाची किक मी मोजली हुती, रामभाऊ. मोठ्यानं."

म्हणजे तो पळवत नव्हता. जुनं इंजिन, हळू झालं की मरायचं, आणि मेलं की उठवायचं कुणी? म्हणून तो हळूच होत नव्हता.

"मी मारतो की तुझी किक," मी म्हटलं.

"मग ती गाडी माझी कशी राहील?"

मी त्याच्या वाटचीही भजी खाल्ली.

लोणीच्या अलीकडे

इतकं सगळं कळल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? मित्राच्या बरोबरीनं सावकाश जावं. मी काय केलं ते सांगतो. कोल्हार सोडल्यावर रस्ता मोकळा लागला, दोन्ही बाजूंना ऊस, उन्हात चकाकणारे तुरे, हवेत साखर कारखान्याचा तो गोडसर, आंबूस वास. यशवंता साठनं पुढं चालला होता. ह्याचा गुडघा गेलाय, आपला शाबूत आहे, असा एक नीच आनंद मनगटात उतरला आणि मी मूठ पिळली. सत्तर. ऐंशी. मफलर मागं फडफडायला लागला. यशवंताला ओलांडताना मी त्याला चक्क सलाम ठोकला.

सलामाचा हात हँडलवर परत यायच्या आत उसानं लादलेली एक टायरगाडी, बैलांसकट, शेतातून रस्त्यावर आली.

बैलांनी मला पाहिलं आणि त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडं घसरली, पाण्याची चारी ओलांडून ऊस तोडलेल्या शेतात शिरली आणि गाडी एकीकडं, मी दुसरीकडं असे आम्ही पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या ढिगात पडलो. ढीग मऊ होता, म्हणून हे लिहितोय. फक्त पडता पडता उजवा पाय गाडीखाली सापडून मुरगळला आणि घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला.

ऊसतोडीच्या बाया कोयते टाकून धावत आल्या. पुढं एक ठसठशीत बाई होती, डोक्याला फडकं गुंडाळलेली.

"आवं आजोबा, लागलं का लई?"

घोट्यापेक्षा 'आजोबा' जास्त लागलं. "नाही, नाही."

"एवढ्या घाईनं कुटं निघाला हुता? लगीन हाय का कुनाचं?"

"त्येंचंच आसंल," दुसरी म्हणाली. "मफलर बघ की नवा."

तेवढ्यात यशवंता लंगडत धावत आला. चेहरा पांढराफटक. मला हलवून, चाचपून, बोटं मोजून झाल्यावर त्यानं मला अशी काही शिवी दिली, की इतक्या वर्षांच्या ओळखीत ती त्याला येत असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. रस्त्यावर शांतता होती. मला बघून त्यानं गचकन ब्रेक मारला होता. गाडी बंद पडली होती. सपाट रस्ता. त्याला किक मारता येत नव्हती आणि आता मलाही येत नव्हती.

"झालं," यशवंता म्हणाला. "आता बसा."

"बसा कशाला?" ती बाई म्हणाली. "बैल चिखलात बसला तर आमी काय घरी जातू व्हय? ए चला गं, लावा हात!"

सुभेदारांच्या नियमात ढकलण्याविषयी काही नव्हतं. आधी माझी गाडी, मग यशवंताची, अशा त्या बायांनी हसत-खिदळत दोन्ही गाड्या डांबरावरून पळवल्या. दुसरा गिअर, क्लच सोडला, गचका बसला आणि इंजिन बोललं. मागून आवाज आला, "आजोबा, बैलाच्या मागनंच जा आता!"

संगमनेर

इथून पुढचा प्रवास म्हणजे उतारशोध. माझ्या गाडीचं एक फूटरेस्ट वाकलं होतं, गिअरही उजव्याच पायाला, त्यामुळे मी टाचेनं आणि देवाच्या नावानं गिअर बदलत होतो. वेगाचा प्रश्नच मिटला. आता दोघंही रस्त्याकडं न बघता रस्त्याच्या कडेकडं बघत होतो.

संगमनेरला पेट्रोल भरणं भाग होतं. पंपावरच्या माणसानं हात केला, "काका, इंजिन बंद करा."

"करतो. पण आधी सांग, तुझा पंप कुठल्या बाजूला उतरतो?"

त्यानं माझ्याकडं, मग यशवंताकडं पाहिलं. "पंप कसा उतरंल, काका? पंप हितंच असतो."

पहिला पंप सोडला, दुसरा सोडला. तिसऱ्याची फरशी बाहेरच्या अंगाला जरा झुकलेली होती. यशवंतानं खिशातलं लिंबू काढून फरशीवर ठेवलं. लिंबू गडगडत रस्त्यावर गेलं. जन्मभर गाड्यांची चाचणी घेतलेल्या माणसाचं काम कसं शास्त्रशुद्ध असतं बघा. आम्ही तिथं पेट्रोल भरलं.

शेंडी

अकोले सोडलं आणि जमीन हलायला लागली. आपल्याकडची भुई कशी, पाटासारखी, नजर लावावी तिकडं बाजरी नाहीतर ऊस. इकडं रस्ता चढतो, वळतो, उतरतो, भाताची कापलेली खाचरं पायऱ्यांसारखी खाली जातात. राजूरला पेढे घेतले, तेही उतारावरच्या दुकानातून. पलीकडचे पेढे चांगले असतात म्हणे, पण ते दुकान सपाटीला होतं.

धरणाकाठच्या शेंडी गावात सखूबाई नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. त्या आल्यागेल्याला खोली आणि जेवण देतात. आमच्या भिंगारमध्ये पाव्हण्याला आधी चहा विचारतात, इथं आधी पाय धुवायला गरम पाणी मिळतं. माझा घोटा बघून त्यांनी कसलासा पाला वाटून बांधला आणि यशवंताच्या गुडघ्यालाही न विचारता बांधला. जेवायला नाचणीची भाकरी, तळ्यातले तळलेले मासे आणि गरम भात, ज्याचा वास अजून बोटांना आहे असं मला वाटतं. बायको म्हणते, तो पाल्याचा आहे.

"गाड्या अंगणात घ्या की," सखूबाई म्हणाल्या.

"नको, रस्त्यावरच बऱ्या. उतार आहे," मी म्हटलं.

"आमच्याकडं उताराला काय तोटा? सपाट जागा मागा, ती न्हाई मिळायची."

दुसरा दिवस आम्ही नुसता राहिलो. यशवंता दिवसभरात पुन्हा पुन्हा गाडीवर बसायचा, पायानं जरा रेटायचा, गाडी आवाज न करता खाली सुटायची आणि वळणाशी डबडब सुरू व्हायची. तळ्याला फेरी मारून परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. संध्याकाळी काठावर बसलो होतो. पाणी शांत, पलीकडं डोंगर निळे होत चाललेले.

"हितं ऱ्हायलो तर आजून दहा वर्सं चालवीन बघ," तो म्हणाला.

"मग राहा."

"आन विमल?"

मी माझी योजना मांडली. हजेरीची जागाच बदलू. छावणीकडं उतरणारा रस्ता आहे, तिथं जमू. नाहीतर मी सुभेदारांशी बोलतो, आता मलाही किक मारता येत नाही, म्हणजे नियमाला दोन मतं कमी पडली.

"तुझा घोटा पंधरा दिवसांत बरा हुईल." त्यानं खडा पाण्यात टाकला. "नियम बदलून गुडघा बदलतो व्हय? आन काल तू पाचटात पडलास तवा मी धावलो. धावलो म्हंजे काय, रस्ता वलांडायलाच मला युग लागलं. तू मेला असतास तरी मी वाटंतच असतो."

मग आणखी एक खडा टाकून म्हणाला, "मंगल कधीची मागं लागलीय. म्हनती, बाबा, गाडी माज्या दारात आनून लावा. मी पुशीन, झाकून ठेवीन."

मंगल त्याची मुलगी, राहात्याला शाळेत शिकवते. आमचा परतीचा रस्ता तिच्या घरावरूनच ठरला होता, जेवायला. फक्त जेवायलाच, असं मी मनाशी म्हटलं.

राहाता

परतताना लोणी मागं पडलं, बाभळेश्वरला राहात्याकडं वळलो. दुपार, रस्ता सरळ आणि रिकामा. यशवंता माझ्या शेजारी आला आणि ओरडला, "रामभाऊ, हिचा काटा कुठवर जातो, मला म्हाईत न्हाई!"

"काय?"

"सरकारी गाड्यांचं म्हाईत हाय सगळं. हिचं न्हाई बघितलं कधी!"

त्याला नको म्हणायला मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? दोन दिवसांपूर्वीचं पाचट अजून माझ्या सायलेन्सरला चिकटलेलं होतं. मी मान हलवली. तो टाकीवर वाकला आणि निघाला.

वेगाचं एक आहे. आपण चालवत असलो की छातीत वारं भरतं. दुसरा चालवत असला की आपल्याला रस्त्यातला एकेक दगड दिसतो. हे मला ह्या वयात, चाळीसच्या वेगानं, एका टाचेवर गिअर बदलताना कळलं. त्याचा पांढरा सदरा फुगला, लहान झाला, मग कबुतराएवढा, मग दिसेना. एकेक बैलगाडी, एकेक शेताकडची वाट माझ्या जिवावर उठल्यासारखी वाटत होती. कडेच्या चारीकडं बघत होतो, तिथं काही पडलेलं नाही ना. कसलाही आवाज आला की विमलवहिनींचा पायरीवरचा घामेजलेला चेहरा दिसायचा.

मंगलचं घर गावाबाहेर, पेरूच्या बागेला लागून. लांबूनच तो दिसला. फाटकापुढं गाडीवर ताठ बसलेला, इंजिन चालू, केस उभे राहिलेले, डोळ्यांतून पाणी. वाऱ्याचं असावं.

"किती?" मी विचारलं.

"बघितलाच न्हाई काटा," तो म्हणाला. "रस्त्यावरनं नजर काढायची हिंमत न्हाई झाली." आणि शाळकरी पोरासारखा हसला.

मला त्याच्या अंगावरून हात फिरवावासा वाटला. त्याऐवजी मी काम काढलं. "हे बघ, फाटकासमोर सपाट आहे. तो चारीचा भराव दिसतो का? तिथं मस्त उतार आहे. मी वर लावतो, तूही चल."

मी माझी गाडी भरावावर चढवली, दगड लावला आणि वळून बघितलं. यशवंता जागचा हलला नव्हता. फाटकापुढच्या सपाट जमिनीवर त्यानं गाडी स्टँडवर घेतली. टाकीवर एकदा तळवा ठेवला. मग हात खाली नेला आणि इंजिन बंद केलं.

बुधवारपासून त्यानं सपाटीला इंजिन बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं. बागेतले पोपट एकदम ऐकू यायला लागले.

मंगल ओट्यावर आली. "जयभीम बाबा. जयभीम काका. हे काय, दोघंही लंगडताय?"

"जयभीम, पोरी," यशवंता म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात दिली. "पावसात भिजू देऊ नको. आन बसू वाटलं तर बस तिच्यावर, नुसती बघत बसू नको."

मंगलनं किल्लीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिली. जेवायला वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, ठेचा. यशवंतानं भाकरी मागून घेतली. माझीच भाकरी ताटात तशीच राहिली, आणि मंगल म्हणाली, "काका, ठेचा तिखट लागला का?" मी हो म्हणालो.

निघताना त्यानं गाडीवर जुनी सतरंजी नीट, चारी बाजूंनी सारखी घातली. मग लंगडत भरावावर चढला आणि माझ्या मागं बसला. इतक्या वर्षांत तो कुणाच्या मागं बसल्याचं मला आठवत नाही. पाय कुठं ठेवायचे, हेही मी दाखवलं.

"सुभेदारांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगायचं काय? रविवारी मी चालत येतो. खानसाहेबाच्या शेजारी बसतो." मग म्हणाला, "त्येला एक पुरा चहा पाजला पायजे."

मी दगड काढला. दोन म्हाताऱ्यांचं वजन, गाडी झरकन सुटली. खाली येईपर्यंत कसलाच आवाज नव्हता, फक्त टायरखालची माती.

"सोड आता क्लच," तो कानाशी म्हणाला. सोडला. इंजिन लागलं.

बाभळेश्वर मागं टाकलं, कोल्हारचा पूल ओलांडला. मी पस्तीसनं चाललो होतो. एक लूनावाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून बघून हसला.

"काय रे म्हाताऱ्यासारखी चालवतोस?" मागून आवाज आला. "पळव की जरा!"

मी मूठ पिळली. पंचेचाळीस, पन्नास, साठ. तशी माझ्या खांद्यावरची त्याची बोटं हळूहळू आवळत गेली. मी मूठ सैल सोडली.

"का रे कमी केलीस?"

"पुढं खड्डा होता," मी म्हटलं.

रस्ता राहुरीपर्यंत गुळगुळीत होता. नवं डांबर टाकलेलं होतं.